अडीच मिलिमीटरच्या फेरूलला

प्रिय फेरूल,



प्रकाश तुझ्यातून जात नाही, म्हणून तुझं नाव कुणी घेत नाही. काचेच्या तंतूचं कौतुक झालं, लेझरचं झालं. काचेतून प्रकाश दूरवर नेता येईल हे चार्ल्स काव यांनी 1966 मध्ये मांडलं आणि 2009 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, हे उचितच झालं. तू मात्र पांढऱ्या सिरॅमिकची एक नळी. लांबी साडेदहा मिलिमीटर, जाडी अडीच मिलिमीटर, मधोमध आरपार भोक. त्या भोकात तंतू चिकटवतात, टोक घासून चकचकीत करतात आणि तुला प्लास्टिकच्या निळ्या किंवा हिरव्या कवचात बसवतात. घरात राउटरपाशी जो हिरवा कनेक्टर खोचलेला असतो, तो काढला की त्याच्या टोकाशी दिसतोस तो तू. काचेचा तंतू प्रयोगशाळेतून निघून बिऱ्हाडाबिऱ्हाडात पोचला तो तुझ्या जोरावर, असं माझं ठाम मत आहे. ते चारचौघांसमोर मांडायचं आहे, म्हणून पत्र पाकिटात न घालता लिहितो.

मी ग्राइंडिंगवाला. भोसरीतल्या एका कारखान्यात पिस्टनच्या गजन पिना घासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथं पाच मायक्रॉनच्या आत माप राखणाऱ्याला मान असे. तुझं ड्रॉइंग हातात आलं तेव्हा व्यासाचा आकडा मी पुन्हा वाचला: 2.499 मिलिमीटर, अधिक-उणे अर्धा मायक्रॉन. आमच्याकडे अर्धा मायक्रॉन हा मापाच्या खोलीतल्या गेजचा टॉलरन्स. तो रोजच्या मालाला, लाखांनी बनणाऱ्या आणि स्वस्तात विकल्या जाणाऱ्या वस्तूला लावलेला मी तोवर पाहिला नव्हता.

हा हट्ट कशासाठी, ते तंतूकडे पाहिल्यावर कळतं. सिंगल मोड तंतूची बाहेरची जाडी 125 मायक्रॉन. पण प्रकाश त्या सगळ्या जाडीत नसतो. मधल्या कोअरमध्ये आणि तिच्या अगदी लगत, जेमतेम नऊ-दहा मायक्रॉनच्या वर्तुळात तो वाहतो. दोन तंतू जोडायचे म्हणजे ही दोन वर्तुळं एकमेकांवर तंतोतंत यायला हवीत. ती एक मायक्रॉननं सरकली, तर 1550 नॅनोमीटरच्या प्रकाशात सुमारे 0.16 डेसिबल गळतात. आकडा किरकोळ वाटतो. पण चांगल्या तंतूत त्याच प्रकाशाचं अख्ख्या किलोमीटरमागे नुकसान होतं सुमारे 0.2 डेसिबल. जोडावर एक मायक्रॉन चुकला की पाऊण किलोमीटरहून जास्त तंतूचं नुकसान जागच्या जागी झालं. दोन मायक्रॉन चुकलं तर ते चौपट होतं, कारण गळती अंतराच्या वर्गानं वाढते. कल आला तरी तेच: एक अंश तिरकं बसलं की 0.3 डेसिबल गेले. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज-शेंद्र्याला काचेचा तंतू ओढतात, तिथं त्या काचेची शुद्धता राखण्यासाठी केवढा आटापिटा चालतो! त्या आटापिट्याचं फळ एका कुचक्या जोडात हातचं जातं.

कायमचा सांधा करायचा असेल तर स्प्लायसिंग मशीन आहे. ते कॅमेऱ्यानं दोन्ही तंतू न्याहाळतं, बारीक मोटरींनी त्यांना समोरासमोर आणतं आणि विजेच्या ठिणगीनं वितळवून एकजीव करतं. त्याला डोळे आहेत. तुला नाहीत. जिन्याखालच्या अंधाऱ्या पेटीत माणूस कनेक्टर आत सारतो, टक् आवाज होतो, आणि त्या क्षणी दोन कोअर एकमेकींसमोर आलेल्या असायला हव्यात. बघायला कुणी नाही, फिरवून जुळवायला स्क्रू नाही. शिवाय एक फेरूल एका देशातल्या कारखान्यातून आलेला, दुसरा भलत्याच देशातल्या, आणि दोघांची गाठ आयुष्यात पहिल्यांदा पडते आहे. तरी जमतं. जुळवण्याचं सगळं कसब तुला घडवणाऱ्यांनी आधीच, कारखान्यात, तुझ्या गोलाईत भरून ठेवलेलं असतं. जोडणाऱ्याच्या हातावर त्यांनी काही ठेवलेलंच नाही. तुझं मोठेपण मला यात दिसतं.

हे सुचायला वेळ लागला. 1970 च्या दशकात लोकांनी नाना वाटा चोखाळल्या. कुणी इंग्रजी व्ही अक्षराच्या खाचेत तंतू निजवले, कुणी तीन दांड्यांच्या बेचक्यात धरले. अमेरिकेत बेल लॅब्जनं दोन्ही बाजूंना निमुळत्या शंकूंचा बायकॉनिक कनेक्टर काढला. साच्यातून काढलेले ते शंकू एका दुहेरी खोबणीत समोरासमोर येऊन बसत. घड्याळातल्या माणकांच्या खड्यांना पाडतात तशा भोकातही तंतू ओवून पाहिले गेले. ती वाट पुढे फार उपयोगी पडली, कारण कठीण खड्याला बारीक, गोल, गुळगुळीत भोक पाडण्याची विद्या ज्यांच्या हातात होती तीच माणसं नंतर तुझ्याकडे वळली. टोकियोची नामिकी कंपनी बेअरिंगचे खडे आणि ग्रामोफोनच्या सुया करता करता फेरूलमध्ये आली. ग्रामोफोन मागे पडला, पण त्या सुया घासणाऱ्या हातांचं कसब वाया गेलं नाही, याचा मला फार आनंद वाटतो.

तुझं आजचं रूप मुख्यतः जपानचं. तिथल्या एनटीटी या टेलिफोन संस्थेनं आट्यांचा एफसी कनेक्टर काढला, मग 1980 च्या दशकात नुसता दाबून बसणारा चौकोनी एससी. दोघांच्या पोटात तूच, अडीच मिलिमीटरचा. सुरुवातीला स्टीलच्या नळीत सिरॅमिकचा छोटा तुकडा बसवत. मग पूर्ण अंगच सिरॅमिकचं झालं, आधी अल्युमिनाचं, नंतर झिर्कोनियाचं. अल्युमिना का मागे पडलं, तर ते फार कठीण होतं. टोक घासताना काच भराभर झिजायची आणि सिरॅमिक जागचं हलायचं नाही, त्यामुळे तंतू आत बुडून राहायचा आणि दोन तंतूंच्या मध्ये फट पडायची. झिर्कोनियाही काचेहून कठीणच आहे, पण अल्युमिनाइतकं नाही, आणि दोघांना जवळजवळ एकाच पातळीवर घासून आणता येतं. अल्युमिना ठिसूळही होतं. तुझ्यावर पुन्हा पुन्हा खोचण्या-काढण्याची वेळ येते, कधी फरशीवरही पडतोस; ठिसूळ माणसाचं हे काम नव्हे.

झिर्कोनियाच्या चिवटपणाची गोष्ट मी शिकाऊ पोरांना नेहमी सांगतो. शुद्ध झिर्कोनिया भट्टीतून थंड होताना सुमारे 1170 अंशांखाली आपली स्फटिकरचना बदलतं आणि तीन ते पाच टक्के फुगतं. वस्तूला तडे जातात. त्यात थोडं इट्रियम ऑक्साइड मिसळलं की गरम असतानाची रचना थंड झाल्यावरही टिकून राहते, पण एखाद्या ताणलेल्या स्प्रिंगसारखी. पुढे कधी चीर पडू लागली की चिरेच्या टोकाशी असलेले कण त्या ताणानं रचना बदलतात, फुगतात आणि चिरेला दाबून धरतात. जी सवय झिर्कोनियाचा घात करत होती तीच त्याच्या रक्षणाला उभी राहिली. ऑस्ट्रेलियातल्या गार्वी, हॅनिंक आणि पास्को या तिघांनी हे 1975 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं, आणि त्या लेखाच्या मथळ्यात सिरॅमिकला पोलाद म्हणावं का, असा प्रश्न विचारला. तुझ्या अंगात इट्रियम ऑक्साइड असतं ते रेणूंच्या हिशेबात शंभरात तीन. एवढ्यानं काम होतं.

आता तुझ्या घडणीकडे येतो. माझा जीव खरा तिथं अडकला आहे.

झिर्कोनियाची भुकटी इतकी बारीक घेतात की भाजून झाल्यावरही तुझ्या अंगातला एकेक कण अर्ध्या मायक्रॉनहून लहान असतो. ती मेण आणि प्लास्टिकच्या बाइंडरमध्ये मळतात आणि दाबाखाली साच्यात भरतात. साच्याच्या मधोमध एक तारेसारखी बारीक पिन उभी असते; तिच्यामुळे भोक राहतं. मग हळूहळू तापवून बाइंडर जाळून टाकतात. इथं घाई केली तर निघणारा वायू अंग फाडून बाहेर येतो. त्यानंतर 1400 ते 1500 अंशांची भट्टी. तिथं तू आक्रसतोस, आणि थोडाथोडका नाही, प्रत्येक दिशेला वीस-बावीस टक्के. हिशेब करून पाहा: 125 मायक्रॉनचं भोक हवं तर साच्यातली पिन 160 च्या घरातली लागते, आणि भट्टीतून बाहेर येतोस तेव्हा तुझं आकारमान निम्म्याहून थोडं कमी झालेलं असतं. एवढं आक्रसूनही भोक मध्यभागी, सरळ आणि गोल राहावं, अशी अपेक्षा. भुकटी साच्यात सगळीकडे सारखी दाबली गेली नसेल तर एक अंग जास्त आक्रसतं आणि भोक वाकतं. भट्टीतून आलेला फेरूल म्हणूनच अजून फेरूल नसतो. तो नुसता कच्चा माल असतो.

पुढचं काम भोकाचं. भोक मुद्दाम किंचित लहान ठेवलेलं असतं. कितीतरी फेरूल एकाच तारेत मण्यांसारखे ओवतात, तारेला हिऱ्याच्या भुकटीचा लेप देतात, फेरूल फिरत राहतात आणि तार मागेपुढे ओढली जाते. तार निमुळती असते, म्हणून भोक हळूहळू वाढत मापाला येतं. मग पिन गेज घालून छाटणी: 125 चे वेगळे, 125.5 चे वेगळे, 126 चे वेगळे. तंतूचा व्यासही 125 ला अधिक-उणे 0.7 मायक्रॉन चालतो. तेव्हा तंतूच्या मापाचा फेरूल निवडण्याची सोय या छाटणीत आहे.

आणि मग बाहेरचं ग्राइंडिंग. सगळं गुपित इथल्या क्रमात आहे. आमच्या गजन पिनला आम्ही बाहेरचा व्यास आधी धरायचो आणि बाकीची मापं त्यावरून काढायचो. तुझ्या बाबतीत उलट. आधी भोक पुरं करायचं, मग दोन्ही टोकांना भोकातच टोकदार पिना रोवून तुला त्यांच्यावर फिरवायचं, आणि बाहेरचं अंग भोकाच्या केंद्राभोवती घासायचं. भोक कुठंही गेलेलं असो, बाहेरची गोलाई त्याच्याच भोवती तयार होते. बारीक भोकाला मध्यावर आणणं जवळपास अशक्य. पण मध्य हाच भोकापाशी नेला की प्रश्न सुटतो. शेवटचा हात सेंटरलेस मशीनवर. भोकाचं केंद्र आणि बाहेरच्या गोलाईचं केंद्र यांतली चूक एक मायक्रॉनच्या आत, निवडक मालात त्याच्याही निम्म्यात राहते. एवढ्या वर्षांच्या कामात कुठलाही क्रम मला याहून सुंदर वाटलेला नाही. मोठं, महागडं मशीन आणून अचूकता येते असं आमच्या धंद्यात पुष्कळ जण मानतात. मशीन लागतंच. पण कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, हा विचार चुकला तर जगातलं सर्वोत्तम मशीनही चूकच अधिक नेमकेपणानं करत राहतं.

हे काम आता चीनमध्येही फार मोठ्या प्रमाणावर होतं. ग्वांगदोंगमधलं छाओझोऊ हे पिढ्यान् पिढ्या चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं शहर. तिथल्या थ्री-सर्कल कंपनीचं नाव आज फेरूल बनवणाऱ्यांत अग्रभागी आहे. मातीला आकार द्यायचा, भाजायचं, आक्रसण्याचा अंदाज बांधायचा ही जाण त्या गावाच्या हाडीमांसी होतीच.

तुझी जोडीदार म्हणजे दोन कनेक्टर समोरासमोर धरणाऱ्या अॅडॅप्टरमधली नळी, स्लीव्ह. तीही बहुधा झिर्कोनियाचीच, पण तिच्या अंगावर लांबीभर एक चीर असते. तिचा आतला व्यास तुझ्याहून किंचित कमी, म्हणून तू आत शिरताना ती उमलते आणि सगळीकडून तुला कवटाळते. दोन टोकांनी दोन फेरूल आले की दोघांचे अक्ष एका रेषेत आणण्याचं काम तिचं. चीर नसती तर तू आत जाऊ शकावास म्हणून फट ठेवावी लागली असती, आणि फट ठेवली की ती फटच चूक झाली असती. तुला तिच्यातून ओढून काढायला लागणारा जोर दोन ते सहा न्यूटनच्या आसपास असावा असं ठरलेलं आहे. कमी असेल तर पकड सैल, जास्त असेल तर बसवणाऱ्याचे हाल.

इतकं करूनही चुका उरतातच, आणि त्या एकमेकींत मिसळतात. तंतूची कोअर तंतूच्या मध्यापासून 0.6 मायक्रॉनपर्यंत सरकलेली चालते. तंतू भोकात एका बाजूला टेकला तर तिथं आणखी पाऊण मायक्रॉनच्या आसपास चूक पडू शकते. भोकाची स्वतःची चूक अर्धा मायक्रॉन धर. दोन्ही बाजूंच्या सगळ्या चुका नेमक्या विरुद्ध दिशांना पडल्या तर दोन कोअर साडेतीन मायक्रॉनहून जास्त दुरावतात आणि सुमारे चाळीस टक्के प्रकाश जातो. असं सहसा घडत नाही, कारण चुका वेगवेगळ्या दिशांना पडतात आणि बऱ्याचशा एकमेकींना खोडतात. म्हणून तुझ्या दर्जाचं मानकही एका जोडाबद्दल बोलत नाही, जोडांच्या समुदायाबद्दल बोलतं. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ‘बी’ दर्जात कुठलाही कनेक्टर कुठल्याही कनेक्टरला जोडला तरी सरासरी गळती 0.12 डेसिबलच्या आत आणि शंभरातल्या 97 जोडांत 0.25 च्या आत असावी लागते. अधिक चांगलं हवं असेल तर कोअर कोणत्या दिशेला सरकली आहे ते मोजून फेरूल कवचात त्याप्रमाणे फिरवून बसवतात, म्हणजे सगळ्यांची चूक एकाच अंगाला येते. दोघंही एकाच बाजूला सरकलेले असले की ते पुन्हा समोरासमोरच असतात.

आता तुझ्या टोकाविषयी. दोन तंतूंमध्ये हवेची फट राहिली तर काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साडेतीन टक्के प्रकाश परत फिरतो. दोन पृष्ठभागांचे मिळून 0.3 डेसिबल गेले, आणि परतलेला प्रकाश लेझरला त्रास देतो तो वेगळाच. म्हणून काच काचेला भिडली पाहिजे. दोन सपाट टोकं खऱ्या अर्थानं कधीच भिडत नाहीत, कुठंतरी एक कड आधी टेकते. यावर एनटीटीच्या लोकांनी टोक किंचित घुमटाकार घासायचं ठरवलं. त्या घुमटाची त्रिज्या 10 ते 25 मिलिमीटर. 20 मिलिमीटरची धरली तर तंतूच्या मध्यापासून त्याच्या कडेपर्यंत उतार येतो एक दशांश मायक्रॉन. मागून स्प्रिंग सुमारे दहा न्यूटननं दाबते, घुमटाचं शिखर चपटं होतं आणि स्पर्शाचं वर्तुळ तंतूला पुरून थोडं उरतं. शिखर मात्र तंतूच्या मध्यापासून 50 मायक्रॉनच्या आत असावं लागतं आणि काच सिरॅमिकच्या पातळीहून 50 ते 100 नॅनोमीटरपेक्षा जास्त खालीवर चालत नाही. हे काम होतं एका मऊ रबरी गादीवर ठेवलेल्या कागदासारख्या पातळ फिल्मवर: आधी चिकटद्रव्याचा गोळा घासून काढायचा, मग नऊ, तीन, एक मायक्रॉनच्या हिऱ्याच्या फिल्म, शेवटी सिलिकाची. गादी दबते तेवढा घुमट आपोआप येतो. त्रिज्या ठरवणारा कोणताही अवघड साचा नाही. गादीचा मऊपणा, दाब आणि वेळ एवढ्यावरच सगळं बेतलेलं.

हिरव्या कवचातला तू टोकाला आठ अंश तिरका असतोस. सांध्यावरून परतणारा प्रकाश त्यामुळे अक्षापासून सोळा अंशांवर वळतो, कोअर त्याला धरून ठेवू शकत नाही आणि तो कोअरभोवतीच्या काचेत, क्लॅडिंगमध्ये, विरून जातो. हिरव्याला निळ्याशी कधीही जोडू नये. आकार एकच असल्यामुळे ते बसतात, पण तिरकं टोक सरळ टोकाला भिडत नाही; फट राहते, आणि टोकं खराब होऊ शकतात. आमच्या इमारतीत एकदा हेच झालं होतं. कित्येक दिवस राउटर बदलले जात होते.

तुझा धाकटा भाऊ सव्वा मिलिमीटरचा. 1990 च्या दशकात ल्यूसंटनं काढलेल्या एलसी कनेक्टरमधला, तांदळाच्या दाण्याएवढा. डेटा सेंटरच्या भिंतीच्या भिंती आज त्याच्यावर उभ्या आहेत. चुलत भाऊ म्हणजे एमटी फेरूल: आयताकृती, काचपूड मिसळलेल्या प्लास्टिकचा, साच्यातून सरळ काढलेला, एका ओळीत 250 मायक्रॉनच्या अंतरानं बारा भोकं, आणि दोन बाजूंना 4.6 मिलिमीटर अंतरावर 0.7 मिलिमीटरच्या दोन पिनांसाठी जागा. बाहेरचं अंग घासणं नाही, सगळी अचूकता साच्यात. बारा तंतू एका दमात जोडणारा हा प्रकारही मला आवडतो, पण ते साचेवाल्याचं यश. मी ग्राइंडिंगवाला असल्यामुळे माझं मन तुझ्याकडे ओढ घेतं.

आता थोडं तक्रारीचं. तक्रार तुझ्याबद्दल नाही, तुझ्याशी आम्ही जसे वागतो त्याबद्दल आहे. अर्धा मायक्रॉन राखण्यासाठी एवढा खटाटोप झालेली वस्तू जिन्यात, गच्चीवर, रस्त्याकडेच्या पेटीत येते आणि तिथं टोपी काढून, शर्टाला पुसून खोचली जाते. धुळीचा नऊ मायक्रॉनचा एक कण कोअरवर बसला की सगळा मार्ग अडतो. कण नुसता बसून राहत नाही. दहा न्यूटनचा दाब त्याला काचेवर भरडतो, त्याचे तुकडे दोन्ही टोकांवर पसरतात, आणि चांगल्या बाजूचा फेरूलही बाधित होतो. बोट लागलं तर तेलाचा थर बसतो. टोपी घातली म्हणजे टोक स्वच्छ राहिलं हा समजही खोटा. टोपीच्या आतल्या प्लास्टिकवरच साच्याचं तेल आणि भुगा असतो. जोडण्याआधी प्रत्येक वेळी दोन्ही टोकं मायक्रोस्कोपखाली पाहायची, घाण दिसली तर पुसायची, पुन्हा पाहायची आणि मगच जोडायचं, हा एकच नियम आहे. मानकात टोकाच्या कोणत्या भागात किती ओरखडे चालतील तेही लिहिलेलं आहे. आणि पलीकडून प्रकाश येतो आहे का हे डोळा लावून कधीही पाहू नये. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळा जाळू शकतो.

हे सगळं जोडणाऱ्या पोरांना ठाऊक नाही असं मी म्हणत नाही. कित्येकांना ठाऊक असतं. पण ज्याला जोडणीमागे पैसे मिळतात, त्याला दोन्ही टोकं तपासायला लागणारी पाच मिनिटं स्वतःच्या खिशातून द्यावी लागतात. तुझ्यातलं कसब कारखान्यात भरून ठेवलं म्हणून बाहेर फक्त खोचणं उरलं, असं मी वर म्हटलं. त्यात एवढी भर घालायला हवी की स्वच्छता कारखान्यात भरून ठेवता येत नाही. ती दर वेळी, दर जोडाला, नव्यानं करावी लागते. ज्यांच्या हाती कंत्राटं आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: जोडणीच्या दरात तपासणीची आणि पुसण्याची मिनिटं कामाची म्हणून धरा, आणि प्रत्येक पिशवीत एक तरी मायक्रोस्कोप द्या. राउटर पुन्हा पुन्हा बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

आणि आयटीआयच्या मापनाच्या वर्गाला दुसरी विनंती. पोरांना मायक्रोमीटर शिकवता, गो-नोगो गेज शिकवता, ते उत्तमच. त्याच टेबलावर दोन फेरूल आणि एक चिरलेली स्लीव्ह ठेवा. आधी भोक की आधी बाहेरचा व्यास, हा प्रश्न त्यांना विचारा आणि त्यांना वाद घालू द्या. उत्तर लगेच सांगू नका.



तुझा,
भोसरीचा एक ग्राइंडिंगवाला